छाती वाजणारं लेकरू पुन्हा पुन्हा येतं तेव्हा: गावपातळीवरच्या डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मराठवाड्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साहेब, लेकराची छाती रातभर वाजायलीय." वय सहा महिने ते पाच वर्षं. नाक वाहतंय, अंगात कणकण, पोट उडतंय. आपण मशीनची वाफ देतो, एक सिरप लिहितो, बहुतेक वेळा सोबत अँटिबायोटिकही, आणि लेकरू घरी जातं. महिनाभरात ते परत येतं, आणि तेही बहुधा दुसऱ्याच डॉक्टरकडे. आईच्या कॅरीबॅगेत चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. एकीवर न्यूमोनिया, दुसरीवर ब्राँकायटिस, तिसरीवर एलआरटीआय म्हणजे छातीतला संसर्ग, चौथीवर नुसताच खोकला.

त्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे टेबलावर ओळीनं मांडून बघा. चार वेगवेगळे आजार दिसणार नाहीत. एकाच लेकराचा एकच आजार चार वेळा उलटलेला दिसेल. आजचा झटका उतरवणं हे अर्धंच काम आहे, आणि ते आपल्याकडे बऱ्यापैकी होतं. हे झटके एकमेकांशी जोडून पुढचा झटका टाळणं हे राहून गेलेलं अर्धं काम. हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. आईबापांनी जरूर वाचावा, पण यातले डोस तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत.

पायरी १: हा आवाज नक्की कसला?

"घरघर" हा शब्द आई तीन वेगळ्या आवाजांसाठी वापरते. नाकातल्या शेंबडाचा आवाज, घशात साठलेल्या कफाचा आवाज, आणि छातीतली खरी शिट्टी. पहिले दोन फार सामान्य आहेत आणि त्यांना दम्याचं औषध लागत नाही. म्हणून आधी मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे थेंब नाकात घालून नाक मोकळं करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा ऐका. आवाज गेला तर तो नाकातला होता.

खरी शिट्टी श्वास सोडताना येते, बारीक आणि सूर असलेली. श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज म्हणजे स्ट्रायडर. त्याचं कारण वर, घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या भागात असतं आणि त्याची वाटच वेगळी आहे. लेकरू दवाखान्यात शांत असेल तर आईला सांगा, "आवाज येईल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव, छाती उघडी ठेवून." आज तांड्यावरही कुणाच्या तरी हातात स्मार्टफोन असतो. रात्री दोनला काढलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून जे निदान होतं ते दुपारी बाराच्या ओपीडीत स्टेथोस्कोप लावून होत नाही.

पायरी २: एका मिनिटाची तपासणी

लेकरू आईच्या मांडीवर, अंगातलं झबलं वर केलेलं, हातात बिस्किट किंवा किल्ल्या. रडत असताना श्वास मोजू नका. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्यात चूक होते. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं या वयात ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, ते बघा. मग पल्स ऑक्सिमीटर लावा. मोठ्या माणसाच्या बोटाची क्लिप लहान बोटावर खोटे आकडे दाखवते. लहान मुलांचा प्रोब नसेल तर क्लिप पायाच्या अंगठ्याला लावून बघा आणि नाडीचे ठोके जुळतायत का याची खात्री करा.

पुढचं एकही लक्षण दिसलं तर झटका गंभीर: पाणी पिता येत नाही किंवा अंगावरचं दूध ओढता येत नाही, बोलता-रडता येत नाही, लेकरू सुस्त किंवा भ्रमलेलं, ओठ निळसर, ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली, नाडी तीन वर्षांपर्यंत १८० च्या वर किंवा चार-पाच वर्षांत १५० च्या वर. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे शांत छाती. दम तर लागलाय पण शिट्टीच ऐकू येत नाही, कारण हवाच आतबाहेर होत नाही. अशा वेळी "आता छाती मोकळी झाली" असं समजून लेकराला घरी पाठवलं तर ते जिवावर बेततं.

पायरी ३: पहिला तास

मुख्य औषध एकच, श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, आणि ते श्वासातून. सौम्य ते मध्यम झटक्यात १०० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे (इनहेलरचे) २ ते ४ पफ, म्हणजे फवारे, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) आणि मास्कमधून, एका वेळी एकच पफ. गंभीर असेल तर ६ पफ. दर २० मिनिटांनी पुन्हा, असं पहिल्या तासात तीनदा. स्पेसर नसेल तर नेब्युलायझरमध्ये २.५ मिलिग्रॅम, सलाइन घालून, त्याच अंतरानं.

नेब्युलायझरची वाफ पंपापेक्षा जोरदार असते हा समज डॉक्टरांतही आहे. स्पेसरमधून नीट दिलेला पंप सौम्य आणि मध्यम झटक्यात तेवढंच काम करतो, वेळ कमी घेतो, नाडी कमी वाढवतो. आणि आपल्या भागात एक फायदा फार मोठा: वीज गेली की मशीन बंद, पंप चालू.

ऑक्सिजन कमी असेल तर तो आधी लावा आणि ९४ ते ९८ टक्क्यांदरम्यान ठेवा. गंभीर झटक्यात नेब्युलायझर शक्यतो ऑक्सिजनवरच चालवा आणि पहिल्या तासात इप्राट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध २५० मायक्रोग्रॅम दर २० मिनिटांनी सोबत द्या.

तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो दिवसाला एकदा, दोन वर्षांखाली जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, दोन ते पाच वर्षांत ३० मिलिग्रॅम, तीन ते पाच दिवस. पण हे गंभीर झटक्यासाठी किंवा पहिल्या तासात न ऐकणाऱ्या झटक्यासाठी. सर्दीसोबत छाती वाजणाऱ्या प्रत्येक लेकराला नाही. २००९ साली ब्रिटनमध्ये दहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सुमारे सातशे मुलांवर झालेल्या चाचणीत सौम्य आणि मध्यम विषाणूजन्य झटक्यात प्रेडनिसोलोनमुळे रुग्णालयातला मुक्काम कमी झाला नाही. वर्षातून सहा वेळा डेक्साचं (हेही स्टेरॉइडच) इंजेक्शन घेतलेली लेकरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ते थांबायला हवं.

एक वर्षाखालचं बाळ, आयुष्यातली पहिलीच वेळ, सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी दम, छातीत दोन्ही बाजूंना बारीक चुरचुर: हा बहुधा ब्राँकिओलायटिस, म्हणजे विषाणूमुळे बारीक श्वासनळ्यांना आलेली सूज. यात साल्ब्युटामॉल, स्टेरॉइड, अँटिबायोटिक कशाचाच फारसा उपयोग नसतो. नाक साफ ठेवणं, थोडं थोडं दूध पाजत राहणं आणि गरज असेल तर ऑक्सिजन, एवढाच उपचार. साल्ब्युटामॉल एकदा देऊन बघायला हरकत नाही, पण फरक पडला नाही तर रेटत राहू नका.

पायरी ४: तासानंतर निर्णय

श्वास पुन्हा मोजा. हीच ती जागा जिथं न्यूमोनियाचा खोटा शिक्का बसतो. जलद श्वास दिसला की न्यूमोनिया, ही सवय चांगल्या हेतूनं लागलेली आहे आणि तिनं अनेक जीव वाचवले आहेत. पण शिट्टी असलेल्या लेकराला आधी श्वासातलं औषध तीन वेळा देऊन मगच श्वास मोजून ठरवायचं, असं नवजात व बालकांच्या आजारांच्या एकात्मिक मार्गदर्शनातही सांगितलं आहे. औषधानंतर श्वास आकड्याच्या खाली आला, पोट उडायचं थांबलं, तर अँटिबायोटिक नको. जलद श्वास टिकला, ताप चढता आहे, एका बाजूला हवा कमी जातेय, तर न्यूमोनिया धरून तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सुरू करा.

बरं वाटलं तरी किमान तासभर ओट्यावर बसवून ठेवा. तीन-चार तासांत दहापेक्षा जास्त पफ लागले, किंवा ऑक्सिजन ९२ च्या वर टिकत नसेल, तर पुढं पाठवा. घर लांब, रात्री गाडी नाही, घरी फक्त म्हातारी आजी, अशा वेळी झटका मध्यम असला तरी मी ठेवून घेण्याच्या किंवा पुढं पाठवण्याच्या बाजूनं असतो. आकड्यांच्या इतकीच ही परिस्थितीही वैद्यकीय माहिती आहे.

पाठवताना १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत उपचार थांबवू नका. स्टेरॉइडचा पहिला डोस देऊनच पाठवा. ऑक्सिजन चालू, पंप आणि स्पेसर सोबत, वाटेत दर २० मिनिटांनी द्यायला सांगितलेलं. चिठ्ठीवर दिलेल्या औषधांच्या वेळा लिहा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, कुठंही पोचलं तरी तिथल्या डॉक्टरला आधी काय झालं ते वाचून कळलं पाहिजे.

काय देऊ नये

साल्ब्युटामॉलचं सिरप. साधा हिशोब बघा: पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस पफांइतकं औषध, तेही पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे, फुप्फुसात थोडंसं, आणि उशिरा. लेकराचे हात थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते, शिट्टी तशीच. "पंप फार स्ट्राँग असतो, आधी सिरपवर बघू" असं म्हणणाऱ्या बापाला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. तो दुकानातला हिशोब रोज करतो. त्याला हाही लगेच समजतो.

खोकल्याची मिश्र औषधं देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना पुन्हा कळवलं की दोन वर्षांखाली ही औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा शिफारस नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असा इशारा तर २०२३ च्या डिसेंबरपासूनच आहे. थिओफायलिन या दम्याच्या जुन्या औषधाचं इंजेक्शन ओपीडीत नको. उपयोगाचा डोस आणि घातक डोस यांत अंतर फार कमी असतं.

माँटेलुकास्ट हे दम्या-अॅलर्जीचं औषध आपल्याकडे सर्दीच्या गोळीसारखं लिहिलं जातं. झोप बिघडणं, चिडचिड, वागण्यातले बदल यांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० साली त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. ते राखीव औषध आहे, नेहमीचं नाही. आणि पावडरचे कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र पाच वर्षांखाली कामाचं नाही. एवढ्या लहान मुलाला तेवढ्या जोरानं श्वास ओढताच येत नाही. मेडिकलवाल्यानं स्वस्त म्हणून ते हातात ठेवलं तर परत पाठवा.

पायरी ५: स्पेसर हातात देऊन शिकवणं

इथं वेळ घाला. बाकी सगळं बरोबर करून या पाच मिनिटांची कंजुषी केली तर औषध फुकट जातं.

आईनं स्वतः करून दाखवायचं, आपण बघायचं. टोपण काढलं का? पंप हलवला का? नवा असेल तर आधी दोन-तीन पफ हवेत सोडले का? लेकरू मांडीवर उभं धरलेलं, पाठ आईच्या छातीला टेकलेली, तिचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून. दुसऱ्या हातानं मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट. गालाजवळ फट राहिली की औषध बाहेर, म्हणून आपलं बोट मास्कच्या कडेनं फिरवून फट शोधून दाखवा. मग एकदाच दाबायचं आणि श्वास मोजायचे, पाच ते सहा. स्पेसरची झडप प्रत्येक श्वासाला हलते. तिच्याकडे बोट करून आईला मोजायला लावा. मास्क काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पंप पुन्हा हलवायचा, दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबले तर दोन्हीचं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं.

रडणाऱ्या लेकराच्या फुप्फुसात औषध फारसं पोचत नाही. म्हणून औषधाची गरज नसताना मास्क खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या, आईनं स्वतःच्या तोंडाला लावून दाखवावा. दोन दिवसांत बहुतेक लेकरं स्वतःहून तोंड पुढं करतात. तीन-चार वर्षांनंतर मास्क काढून नळी थेट ओठांत धरायला शिकवता येतं.

स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता वाळू द्यायचा. फडक्यानं पुसला की प्लास्टिकवर वीजभार तयार होतो आणि औषध आतच चिकटतं. चकाचक पुसून ठेवण्याची आपल्या बायकांची सवय इथं नडते, म्हणून मुद्दाम सांगायला लागतं.

पंपाची सवय लागते, हा आक्षेप येणारच, आणि बहुतेक वेळा तो आजीकडून येतो. तिला झिडकारू नका. लेकरू दिवसभर तिच्याच जवळ असतं आणि पंप देणारीही तीच असणार आहे. तिच्याच हातात स्पेसर द्या. वाजणाऱ्या छातीवर तिनं तिचा हात ठेवलेला असताना दोन पफ द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हात ठेवायला सांगा. श्वासाचा जोर उतरलेला तिच्या तळव्याला कळतो. त्यानंतर तिला पटवायला वेगळं काही बोलावं लागत नाही.

स्पेसर विकत घेणं परवडत नसेल तर बाटलीचा करता येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये १९९९ साली झालेल्या अभ्यासात पाच ते तेरा वर्षांच्या मुलांमध्ये ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीचा, फट नीट बंद केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. बाटली साबणाच्या पाण्यानं धुऊन न पुसता वाळवा. जाड तार पंपाच्या तोंडाच्या आकाराची वाकवून तापवा आणि बाटलीच्या बुडाला दाबा. भोक पडलं की प्लास्टिक गरम असतानाच पंपाचं तोंड त्यात घट्ट बसवा. कडेनं चिकटपट्टी लावून फट बंद करा. बाटलीचं तोंड लेकराच्या ओठांत. तान्ह्या बाळासाठी बाटलीच्या तोंडाला जुना मास्क घट्ट बसवावा लागतो. तिथं विकतचाच स्पेसर बरा. केंद्रात वापरायला दोन-तीन स्पेसर रुग्ण कल्याण समितीपुढं मागणी ठेवून घ्या. नेब्युलायझरच्या दुरुस्तीपेक्षा ते स्वस्त पडतात.

पायरी ६: घरी नेण्याचा कागद

माता व बाल संरक्षण कार्ड जवळपास प्रत्येक घरात जपून ठेवलेलं असतं. वेगळी फाइल हरवते, म्हणून योजनेचा कागद त्यालाच स्टेपल करा. मजकूर आईच्या भाषेत, मोठ्या अक्षरात:

"सर्दी होऊन छाती वाजायला लागली तर निळ्या पंपाचे दोन पफ. वीस मिनिटांत उतरलं नाही तर पुन्हा दोन. आणखी वीस मिनिटांनी गरज वाटली तर पुन्हा दोन. दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागायला लागले, किंवा औषधाचा गुण आधीपेक्षा लवकर उतरायला लागला, तर दवाखान्यात यायचं. पोट जोरात उडतंय, पाणी पिईना, ओठ निळे, लेकरू सुस्त, तर पफ देत देत लगेच निघायचं, १०८."

निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉलचा; रंग कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा समोरच्या पंपाचा रंग बघून लिहा. वाचता येत नसेल तर पफ म्हणजे ठिपके आणि वेळ म्हणजे घड्याळ असं चित्र काढा. आशाताईला तो कागद दाखवून ठेवा. बाळ वर्षाखालचं असेल आणि काही तासांत पुन्हा पुन्हा पंप लागत असेल तर घरी थांबायचं नाही, हे तोंडानं वेगळं सांगा. पुढची भेट आठवडाभरात. मध्यम झटका असेल तर एक-दोन दिवसांतच.

पायरी ७: दुसरी भेट, चिठ्ठ्यांची ओळ

लेकरू बरं असतानाची ही भेट सगळ्यात महत्त्वाची, आणि आपल्याकडे तीच होत नाही. बरं झालेलं लेकरू एक दिवसाची मजुरी बुडवून कोण आणणार? म्हणून ती लसीकरणाच्या दिवसाला जोडा, गावच्या बाजाराच्या दिवसाला जोडा.

चिठ्ठ्या मांडा आणि विचारा: वर्षात किती वेळा? अॅडमिट किती वेळा? फक्त सर्दीसोबतच, की हसताना, पळताना, धुरात, धुळीत, पहाटेही? दोन झटक्यांच्या मध्ये लेकरू पूर्ण मोकळं असतं का? आईला किंवा बापाला दमा आहे का, लेकराला कोपरा-गुडघ्याच्या खळग्यात खाजरं पुरळ येतं का? सर्दीशिवाय शिट्टी, घरातला दमा, खाजरं पुरळ, ही बाळदम्याकडे बोट करणारी लक्षणं. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असणं हेही एक लक्षण मानतात, पण जंतांमुळेही त्या वाढतात. आपल्या भागात त्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका.

मग दुसरं काही नाही ना, याची खात्री. जन्मापासूनच आवाज, वजन न वाढणं, रोज ओला कफाचा खोकला, दूध पिताना ठसका, हृदयाचा जादा आवाज, बोटांची टोकं फुगलेली, एकाच बाजूला शिट्टी: यांतलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे. दोन गोष्टी आपल्या भागात मुद्दाम शोधा. पहिली, अडकलेला शेंगदाणा. शेंगा फोडण्याच्या, हरभऱ्याच्या, सीताफळाच्या दिवसांत दीड-दोन वर्षांच्या लेकराला एकदम ठसका लागून मग छाती वाजायला लागली असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी पुढं पाठवा, कारण शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दुसरी, क्षयरोग. घरात किंवा शेजारी कुणाला क्षय आहे का, हे प्रत्येक वेळी विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप आणि घटतं वजन असेल तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी तपासणी.

पायरी ८: रोजचं औषध कुणाला?

वर्षात तीन किंवा जास्त झटके, किंवा एखादा गंभीर झटका, किंवा झटक्यांच्या मधल्या दिवसांतही खोकला-शिट्टी, अशा लेकराला श्वासातलं स्टेरॉइड कमी मात्रेत रोज, तीन महिने. आपल्याकडे सहज मिळणारं बुडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅम, सकाळी एक पफ, रात्री एक, स्पेसरमधूनच. नंतर पाण्यानं तोंड आणि चेहरा पुसून घ्यायचा. ही चाचणी आहे, जन्मठेप नाही, असं आईबापांना सांगा. तीन महिन्यांनी झटके थांबले का, रात्रीची झोप लागते का, ते बघा. काहीच फरक नसेल तर मात्रा वाढवण्याआधी स्पेसर पुन्हा हातात घेऊन तंत्र तपासा, पंप खरंच रोज चालतोय का ते बघा, निदान पुन्हा तपासा. मग औषध बंद करून लेकराला तज्ज्ञांकडे.

स्टेरॉइड म्हटलं की आईबाप घाबरतात. खरं तेच सांगा: कमी मात्रेत उंचीवर परिणाम होतो तो साधारण एखाद्या सेंटिमीटरचा, मुख्यतः सुरुवातीच्या काळातला. उंची दर तीन ते सहा महिन्यांनी मोजा आणि कार्डावर लिहा.

घरातला धूर

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांची चूल, डासांची कॉइल, बिडी, आणि मिसरी भाजताना तव्यावरून उठणारा तंबाखूचा धूर. हा शेवटचा कुणी विचारतच नाही. घरातल्या बायका मिसरी भाजतात तेव्हा लेकरू बहुतेक कडेवरच असतं. "सोडून द्या" म्हणून एका भेटीत कुणी सोडत नाही; "लेकरू अंगणात असताना भाजा" एवढं ऐकलं जातं. चूल दाराबाहेर, पाळणा धुराच्या उलट्या बाजूला, सोयाबीनच्या मळणीत लेकरू खळ्यापासून लांब. कॉइलऐवजी मच्छरदाणी. सहा महिने पूर्ण झाल्यावर दरवर्षी फ्लूची लस परवडत असेल तर द्यावी. ती सरकारी लसीकरणात नाही. न्यूमोकोकलची लस मात्र २०२१ पासून मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. राहिली असेल तर तिथल्या तिथं द्या.

ऊसतोडीला जाणारं घर

बीड, जालना, परभणी, धाराशिवमधली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. नेमके हेच महिने छाती वाजण्याचे. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत दाराशी तीन दगडांची चूल, पहाटेची थंडी, फडात पेटवलेलं पाचट. आई पहाटेच फडात जाते आणि लेकरू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ राहतं.

म्हणून दसऱ्याच्या आधीच अशा लेकरांची यादी आशाताईकडून घ्या आणि निघण्याआधी एकदा बोलावून घ्या. रोजचं औषध चालू करायचं असेल तर निघण्याआधी महिनाभर चालू झालेलं बरं. गुण दिसतो आणि पंपावर विश्वास बसतो. हिशोबानं पंप द्या: २०० पफांचा पंप रोज दोन या मापानं १०० दिवस पुरतो, म्हणजे हंगामाला दोन लागतात. साल्ब्युटामॉलचा एक वेगळा. पंपावर सुरू केल्याची तारीख पेननं लिहा, कारण बऱ्याच पंपांवर किती पफ उरले याचा आकडा नसतो आणि रिकामा पंपही दाबला की फुसफुसतो. स्पेसर शिकवताना मोठ्या बहिणीला पुढं बसवा. फडावर पंप तीच देणार आहे. कागदावर या केंद्राचा नंबर, आणि ज्या गावाला टोळी जातेय तिथलं जवळचं सरकारी रुग्णालय मुकादमाला विचारून लिहून ठेवा. "नवीन डॉक्टरकडे गेलात तर आधी हा कागद दाखवा," हे दोनदा सांगा.

औषध कधी थांबवायचं

अमेरिकेत टूसॉन इथं १९८० पासून जन्मापासून पाहिलेल्या मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत जवळपास एक तृतीयांश लेकरांची छाती कधी ना कधी वाजली, आणि त्यातल्या सुमारे साठ टक्के लेकरांची सहाव्या वर्षापर्यंत थांबली. त्यामुळे रोजचं औषध चालू ठेवायचं की नाही, हे वर्षातून किमान दोनदा नव्यानं ठरवा. रोजचं औषध झटके कमी करतं, पण पुढं दमा होणार की नाही ते बदलत नाही; दोन ते तीन वर्षांच्या मुलांना दोन वर्षं ते देऊन बघितलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, २००६ साली, हेच दिसलं. तेव्हा "आत्ता चालू ठेवलं तर कायमचं बरं होईल" असं वचन देऊ नका.

बंद करायला ऋतू बघा. थंडी तोंडावर असताना किंवा टोळी निघायच्या आठवड्यात नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाख सोयीचे, सर्दी कमी, कुटुंब गावात. बंद केल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी एकदा लेकरू बघायचं. पहाटेचा खोकला किंवा शिट्टी परतली असेल तर त्याच मात्रेत पुन्हा सुरू करायचं. नसेल तर निळा पंप आणि कागद घरातच ठेवायला सांगून पुढची भेट पावसाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या सर्दीच्या आधी ठेवायची.